आडवा काढा

डिसेंबरातला रविवार, पहाटेचे साडेपाच. बॅग खांद्याला लावून निघालो तर देवघरातून आईचा आवाज आला, "एवढ्या थंडीत कुठं निघालास?"

"गोल्फ खेळायला."

"गोल्फ क्लबवर? मग येताना भद्रकालीतून मेथीच्या दोन जुड्या आण."

तिची काही चूक नाही. नाशिककराला गोल्फ क्लब म्हणजे त्र्यंबक रोडवरचं मैदान. तिथं लोक सकाळी चालायला जातात, पोरं क्रिकेट खेळतात, रणजीचे सामने होतात. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या कान्हेऱ्यांचं. पण रिक्षावाल्याला हे नाव सांगितलं तर तो क्षणभर विचारात पडतो, आणि 'गोल्फ क्लब' म्हटलं की निघतो. साहेब गेला, त्याचा खेळ गेला, नाव तेवढं चिकटून राहिलं. माझं अख्खं लहानपण 'गोल्फ क्लबवर' गेलं आणि गोल्फची काठी मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा हातात धरली.

सातपूरला माझा छोटा कारखाना आहे. दोन सीएनसी, एक जुना लेथ, सात माणसं. दिवसभर मायक्रॉनशी संसार. दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, तोफखान्यातून निवृत्त होऊन देवळालीतच राहिले. गोल्फचा नाद त्यांना फौजेत लागला. जुलैत माझी शुगर वाढलेली निघाली तेव्हा त्यांनी आपल्या जुन्या सेटातल्या पटर (बॉल होलात ढकलायची काठी) धरून आठ काठ्या माझ्या गाडीत आणून टाकल्या. "नियमानं चौदापर्यंत चालतात. तुला आठही जास्त होतील," एवढंच प्रास्ताविक.

मी पहिल्या दिवशी काय केलं असेल तर बॉल व्हर्नियरमध्ये धरला. ४२.७० मिमी. नियमात कमीत कमी व्यास ४२.६७ दिलाय, म्हणजे बनवणारा अगदी काठावरून चालतोय. आपल्याच जातीचा माणूस. मग होलचा व्यास विचारला. १०८ मिमी. म्हणजे ६५ मिमीचा क्लिअरन्स, मोकळी जागा! आमच्याकडं याला भोक म्हणत नाहीत, खड्डा म्हणतात. मी म्हणालोही, "दाजी, एवढ्या ढिल्या फिटमध्ये तर डोळे झाकून जाईल." ते काही बोलले नाहीत. फौजी माणूस, समोरच्याला आधी पुरता आत येऊ देतो.

पुढचे चार महिने सरावाच्या रेंजवर गेले. बादलीभर बॉल घ्यायचे, चटईवर एकेक ठेवायचा आणि मारायचा. शंभरातले साठ विळ्यासारखे उजवीकडं वळायचे. याला स्लाइस म्हणतात. कारण कागदावर मला पूर्ण कळतं. काठी ज्या वाटेनं येते त्या वाटेच्या मानानं तिचं तोंड आघाताच्या क्षणी उघडं राहिलं की बॉलच्या फिरकीचा आस कलतो, मग बॉलवरच्या खळग्या आपलं काम चोख करतात आणि त्याला उजवीकडं ओढून नेतात. दोन-चार अंशांचा फरक पुरतो. लेथवर दोन अंशांचा टेपर मी नुसत्या नजरेनं सांगतो. स्वतःच्या मनगटातला मात्र चार महिन्यांत सापडला नाही. तरी रेंजवर त्याचं दुःख होत नाही. समोर मोकळं रान असतं, बॉल कुठंही गेला तरी पुढचा बॉल परत चटईवरच.

कोर्सवर चटई नसते. आणि आपल्याकडच्या कोर्सवर झाडं असतात.

गोल्फच्या मैदानांच्या मुख्य दोन जाती. समुद्रकाठच्या वाळूवरची, उघडीबोडकी, वाऱ्याच्या हवाली केलेली, ती लिंक्स. स्कॉटलंडात हा खेळ तिथं वाढला. आणि समुद्रापासून आतली, हिरवळीची, दुतर्फा झाडांच्या रांगा असलेली, ती पार्कलँड. मुंबईत चेंबूरचं, पुण्यात येरवड्याचं, ही सगळी याच घराण्यातली. आम्ही गेलो तो कोर्सही तसाच. शहरापासून अर्ध्या तासावर, मूळची शेतजमीन. कडेनं करंज, कडुनिंब, शिरीष लावलेत आणि जुन्या बांधावरचे आंबे तोडायचं कुणाच्या जिवावर आलं असावं, कारण ते नको तिथं, नेमके फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, आत डोकावत उभे आहेत. थंडीतली स्वच्छ हवा होती. पश्चिमेला अंजनेरी आणि त्यामागं ब्रह्मगिरी असे दिसत होते की जणू अठरावा होल तिकडंच आहे.

आम्ही चौघं. दाजी, त्यांचे मित्र डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर साहेब आणि मी. माझी बॅग घ्यायला जो कॅडी आला तो बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, डोक्याला कानटोपी आणि अंगात दोन स्वेटर. शनिवार-रविवार इथं, बाकीचे दिवस घरच्या द्राक्षबागेत. माझ्या आठ काठ्यांकडं बघून म्हणाला, "हलकी बॅग आहे सर, बरं झालं." यातलं 'बरं झालं' कुणासाठी ते त्यानं सांगितलं नाही.

पहिला होल, पार चार. म्हणजे चांगल्या खेळाडूनं चार फटक्यांत बॉल होलात घालावा अशी अपेक्षा. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलं की मागं तीन माणसं, चार कॅडी आणि पुढच्या ग्रुपमधले, पाळीची वाट बघणारे अजून चौघं. एवढी शांतता मी फक्त ऑडिटरसमोर अनुभवली आहे. दवानं गवत पांढरं झालेलं, बोटं गारठलेली. मी काठी फिरवली. बॉलच्या डोक्याला चाटून गेली आणि बॉल साठ-सत्तर यार्ड गवतातून सरपटत, मागं दवाची एक हिरवी रेघ ओढत गेला. "सरळ आहे," दाजी म्हणाले. या खेळात सांत्वनाचे शब्द ठरलेले असतात. सात फटके झाले.

दुसऱ्यावर आठ, तिसऱ्यावर सात. सांगण्यासारखं काही नाही. चौथा पार तीन, मध्ये तळं. तळ्याकडं बघू नका, असं तिघांनी तीन वेळा सांगितल्यावर मी तळ्यात मारला. दंडाचा एक, परत मारला, सहा.

पाचव्या होलबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं.

पार चार, उजवीकडं हळूच वळणारा फेअरवे. उजव्या अंगाला करंजाची दाट रांग, तिच्यापलीकडं लाल खुंट्या लावलेला ओढा. टीवरून माझा फटका त्या दिवसातला सगळ्यात कडक बसला. आवाजसुद्धा खणखणीत आला. दीडशे यार्ड सरळ गेला, मग त्याला माझं मनगट आठवलं आणि तो निवांत उजवीकडं वळून करंजांत शिरला. आत पानांत दोनदा टकटक झाली.

बॉल शोधायला नियमानं तीन मिनिटं मिळतात. २०१९ च्या आधी पाच मिळायची. कॅडीनं अर्ध्या मिनिटात शोधला. वाळक्या पानांत, झाडांच्या दोन रांगांच्या मधे. समोर ग्रीनच्या, म्हणजे होल असलेल्या बारीक हिरवळीच्या, दिशेला दोन खोडांमधून झेंडा दिसत होता. फट असेल चार-साडेचार फुटांची. डावीकडं, काटकोनात, वीस यार्डांवर उघडा फेअरवे.

पोरगा म्हणाला, "आडवा काढा, सर."

"झेंडा दिसतोय की."

"दिसतो हो. आडवा काढा."

मी हिशेब केला. बॉल ४३ मिमीचा, फट तेराशे मिमीची. एकास तीस. होलाच्या क्लिअरन्सच्या वीसपट. असा जॉब सोडून द्यायचा म्हणजे धंदाच बंद करावा. पाच नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी तोंडाची काठी, मागितली. त्यानं दिली, पण देताना स्वतः चार पावलं मागं, एका जाड कडुनिंबाआड जाऊन उभा राहिला. मी तेव्हाच समजायला हवं होतं.

फटका बसला. बॉल उजव्या खोडावर आपटून माझ्या कानाजवळून मागं गेला. करंजाच्या सालीवर एक ओली, पिवळट खूण उमटली, रुपयाच्या नाण्याएवढी. मी ती बघत उभा राहिलो. खालीवर तशाच, पण जुन्या, काळ्या पडलेल्या खुणा होत्या. बारा-पंधरा तरी. म्हणजे या खोडासमोर उभं राहून माझ्यासारखाच हिशेब करणारे पुष्कळ येऊन गेले होते.

आता बॉल आधीपेक्षा वाईट जागी. "आडवा काढा," पोरगा परत म्हणाला, आवाज न चढवता, न उतरवता. पण आता मला दोन फटके भरून काढायचे होते. तिसरा फटका फांदीला लागला आणि बॉल पलीकडच्या ओढ्यात गेला. दंडाचा एक, म्हणजे चार. ओढ्याच्या काठापासून दोन काठ्यांच्या अंतरात, गुडघ्याच्या उंचीवरून बॉल सोडायचा. सोडला. पाचवा एकदाचा फेअरवेवर, सहावा ग्रीनच्या अलीकडं, सातवा ग्रीनच्या पलीकडं, आठवा ग्रीनवर. मग पटरचे तीन फटके, म्हणजे तीन पट. अकरा.

मॅनेजर साहेब म्हणाले, "स्टेबलफर्डनं खेळत असतो तर आठव्यालाच बॉल उचलून खिशात टाकला असता." ही पद्धत १९३२ पासून क्लबांमधून चालते. होलागणिक गुण मिळतात, त्यामुळं एखादा होल बिघडला तर फार तर शून्य, पुढं चला. माझ्यासारख्यांसाठीच ती काढलेली आहे. पण दाजींनी सकाळीच बजावलं होतं, "आज पहिला राउंड, आज सगळं मोजायचं." त्यांनी कार्डावर ११ लिहिलं, ठळक, तोफखान्याच्या अक्षरात.

चालता चालता मी पोराला विचारलं, "आडवा काढला असता तर किती झाले असते?"

त्यानं बोटांवर मोजलं. "एक टीवरून. दोन आडवा. तीनला ग्रीनच्या जवळ. चारला वर. दोन पट. सहा." आणि जरा थांबून म्हणाला, "लोकांना आडवा मारला की फटका फुकट गेला असं वाटतं. बागेत पण तसंच. थिनिंगला मणी काढायला सांगितले की आमच्या आजोबांचा जीव जातो. काढले नाही तर घड भरत नाही."

हे मला सातपूरला माहीत होतं. जॉबवर टूल घसरलं, खाच पडली, तर नवा कारागीर काय करतो? अजून एक कट मारून खाच लपवायला जातो. आणि माप अंडर जातं. जुना कारागीर मशीन बंद करतो, चहा पितो, मग बघतो. हे मी गेली पंचवीस वर्षं पोरांना ओरडून सांगतोय. करंजांत उभा राहिलो तेव्हा यातलं एक अक्षर आठवलं नाही.

सहा आणि सात असेच गेले. आठव्यावर, पार तीन, चार फटके. नवव्यावर सहा. नऊ होलांचे ६४. मध्ये टपरीवजा जागेत पोहे आणि चहा. पोह्यांवर शेव आणि वर तर्री, नाशिकचं पाणी. डॉक्टरांनी माझ्या प्लेटीकडं बघून "शुगर किती?" विचारलं, मी चहात साखर घेतली नाही आणि तर्री परत घेतली.

दहावा सहा. अकराव्यावर एक गोष्ट झाली. ग्रीनच्या डाव्या हाताला, रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात, माझ्या बॉलला टेकून शिरिषाची एक वाळकी शेंग पडली होती. अशी सुटी वस्तू उचलायला परवानगी असते. मी ती उचलली आणि बॉल हलला. किती? एक इंच. गवताच्या एका काडीवरून उतरून दुसरीवर बसला. पोरगा पटर आणायला गेला होता. दाजी ग्रीनवर पाठमोरे. डॉक्टर फोनवर. ग्रीनवर असं झालं तर दंड नाही, पण बाहेर आहे. एक फटका, आणि बॉल होता तिथं परत ठेवायचा. हे मला माहीत होतं कारण नियमांचं पुस्तक मी मशीनच्या मॅन्युअलसारखं पहिल्या पानापासून वाचलं होतं.

क्रिकेटमध्ये वाढलेल्या माणसाला ही भानगड नवीन. तिथं अंपायर आहे, त्यानं बोट वर केलं की जायचं, नाही केलं तर बॅटची कड लागलीय हे आपल्या मनात ठेवून उभं राहायचं. कान्हेरे मैदानावर मी असा कितीदा उभा राहिलोय. इथं अंपायर नाही. इथं मीच, आणि ती शेंग.

"दाजी, माझा बॉल हलला. एक लिहा."

ते वळलेसुद्धा नाहीत. "परत ठेवलास?"

"हो."

"खेळ मग."

एवढंच. शाबासकी नाही, काही नाही. मला जरा रागच आला. सात.

बारावा होल, पार तीन, १३० यार्ड. या होलाबद्दल मी आता महिनाभर प्रत्येक भेटणाऱ्याला सांगतोय, म्हणून इथं थोडक्यात. सात नंबरची आयर्न घेतली, फटका लागला हे हाताला कळलंच नाही, बॉल वर गेला, अंजनेरीच्या वर दिसला, आणि ग्रीनच्या मधोमध पडला. पंधरा फुटांचा पट राहिला. पोरगा ग्रीनवर उकिडवा बसला आणि म्हणाला, "गवत चमकतंय ना तिकडं, म्हणजे पातं पलीकडं झोपलंय. पळेल. हळू मारा." इथल्या बर्म्युडा गवताचा हा गुण. पातं ज्या बाजूला झुकलेलं त्या बाजूला बॉल पळतो, उलट दिशेला अडतो, आणि चमक दिसते ती पातं आपल्यापासून दूर झोपलेलं असताना. पहिल्या पटला होलाच्या काठापासून अर्धा फूट राहिला, दुसऱ्यात आत. तीन. पार. दाजींनी हातमोजा काढून हात मिळवला. ६५ मिमीचा क्लिअरन्स, आणि मला तो अर्ध्या फुटावरून घालताना घाम फुटला होता.

तेराव्यावर पाय बोलायला लागले. अठरा होल खेळताना सरळ चालणारा माणूसही नऊ-दहा किलोमीटर चालतो, मी तर दोन्हीकडच्या झाडांची मोजदाद करत चाललो होतो. सेंट अँड्र्यूजला पूर्वी एका राउंडात बावीस होल असत, १७६४ मध्ये त्यांनी अठरा केले. त्यांचे उपकार आहेत.

चौदाव्यावर बंकर, वाळूचा खड्डा. वाळूतून मारताना बॉलला मारायचंच नसतं, बॉलच्या मागं दोन बोटं वाळूत काठी घालायची आणि वाळूनंच बॉल बाहेर फेकायचा. त्यासाठी सँड वेज असते, ५६ अंशांची, तळाला जाड. मागच्या शतकाच्या तिशीच्या सुरुवातीला जीन साराझेन नावाच्या अमेरिकन खेळाडूनं काठीच्या तळाला धातूचा डाग देऊन तळ असा फुगवला की काठी वाळूत रुतण्याऐवजी घसरावी. मला हा माणूस फार आवडतो. स्पर्धा जिंकण्यासाठी वर्कशॉपमध्ये जाऊन टूलची भूमिती बदलणारा खेळाडू. त्याचं टूल हातात असून मी वाळूत तीन फटके घातले. पहिल्याला नुसती वाळू बाहेर आली, दुसऱ्याला वाळू माझ्या तोंडावर, तिसऱ्याला दोघं बाहेर. मग दाताखाली कचकच करत आठ.

पंधरावा सहा.

सोळाव्याच्या टीवर उभा राहिलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते, दव उडालं होतं, स्वेटर कमरेला. पार चार. उजवीकडं परत झाडी, या वेळी निंब आणि मध्ये एक बांधावरचा आंबा. मी डावीकडं तोंड करून मारला. बॉल डावीकडून निघाला, विळा झाला आणि आंब्याकडं गेला. पोरगा आणि मी एकमेकांकडं न बघता चालायला लागलो.

बॉल आंब्याच्या मुळाशी नव्हता, बरा पडला होता. थोडं मोकळं गवत, मोहोर फुटायला लागलेल्या फांद्या वर, आणि समोर, परत, फट. या वेळची चांगली रुंद, सहा-सात फूट. खाली वाकलं तर झेंड्याचा तळसुद्धा दिसत होता. बाराव्याचा फटका अजून हातात होता. मी पोराकडं बघितलं. तो यावेळी काही बोलला नाही. बॅग टेकवून, डोक्यावरची कानटोपी काढून, ती घडी घालत उभा होता.

"आडवा?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं."

"तू काय केलं असतं?"

"सर, मी इथं दर आठवड्याला येतो. मला काय घाई आहे."

मी नऊ नंबर घेतली. झेंड्यावरचा नेम सोडला. सांगतो, हे शरीराला फार जड जातं. पैसे भरून, पहाटे उठून, एवढं चालून आल्यावर होल एकीकडं आणि आपण मारतोय भलतीकडं. दाजी फेअरवेच्या मधोमध उभे होते, त्यांना वाटलं मी त्यांच्यावर नेम धरलाय. "ओ, बाजूला व्हा!" पोरगा ओरडला. 'फोर' वगैरे ओरडायची पद्धत आहे, पण आणीबाणीला माणूस मराठीतच ओरडतो. बॉल गवतातून घरंगळत वीस-पंचवीस यार्ड आला आणि फेअरवेच्या कडेला थांबला. दुसरा फटका, पुढं सरकलो शून्य यार्ड.

तिसरा सात नंबरनं. उंच गेला नाही, पण सरळ गेला, ग्रीनच्या अलीकडं टप्पा पडला आणि घरंगळत वर चढला. तीस फुटांवरून दोन पट. पाच. कार्डावर बोगी, म्हणजे पारपेक्षा एकच जास्त.

दाजींनी ५ लिहिलं आणि पेन्सिल कानावर ठेवली. "पाचव्या होलला कुठं गेला होता हा?"

"बॉल?"

"अक्कल."

सतरावा पार तीन. टिटव्यांची जोडी फेअरवेवर ठाण मांडून, आम्ही जवळ गेलो की डोक्यावरून ओरडत चक्कर मारणार, परत तिथंच. त्यांना त्रास नको म्हणून आम्ही लांबून वळसा घालून गेलो. पाच. अठरावा पार पाच, लांबलचक, ग्रीनच्या मागं गाड्या लावलेल्या दिसतात त्यामुळं सगळ्यांचे फटके आखडते होतात. माझेही. सात.

बेरीज मॅनेजर साहेबांनी केली, सवयीनं दोनदा. ६४ आणि ५५. ११९. दाजींचे ९२, डॉक्टरांचे ९७. मॅनेजर साहेबांनी स्वतःचे सांगितले नाहीत, कार्डाची घडी घालून खिशात ठेवलं. बँकवाल्यांची गोपनीयता.

पोराला पैसे देताना मी पाचव्या होलाचं त्या खोडाचं विचारलं, त्या खुणा सगळ्या लोकांच्याच का. तो हसला. "खालची एक माझी आहे. सोमवारी बंद असतं ना तेव्हा आम्ही कॅडी खेळतो."

"मग आडवा नाही काढलास?"

"तेव्हा कुणी सांगायला नव्हतं."

परतताना मुंबई नाक्यावर ट्रॅफिक, गुडघे आखडलेले, नखांत वाळू. घरी पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. आई जेवायची थांबलेली.

"झालं खेळून? किती केलेस?"

"एकशे एकोणीस."

तिनं ताट वाढता वाढता मान वर केली. माझ्या शाळेतल्या सगळ्या मॅचेसचे आकडे तिला अजून पाठ आहेत आणि त्यात पन्नासच्या वर एकही नाही.

"एकट्यानं?"

"एकट्यानं."

"या वयात," ती म्हणाली, आणि पोळीवर जरा जास्तच तूप घातलं. मग दाराकडं, माझ्या रिकाम्या हातांकडं बघून, "आणि मेथी?"